प्रमाणपत्राच्या पलीकडची खिदमत

जानेवारी उजाडला की माध्यमिक शाळांमध्ये फायलींचा हंगाम सुरू होतो. नववी-दहावीची मुलं-मुली वर्षभराची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांत घालून आणतात. वृक्षारोपण, स्वच्छता फेरी, मतदार जागृती, निबंध, वक्तृत्व, मेहंदी, किरात, नात, विज्ञान प्रदर्शन, योग दिन. एकेका फाइलमधून पंधरा-वीस कागद सहज निघतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, वर्गशिक्षिका म्हणून या फायली चाळण्याचं कामही माझ्याकडेच असतं. चाळताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, "यातल्या कुठल्या कामाने कुणाची अडचण दूर झाली?" बहुतेक वेळा मुलं गप्प होतात, मग हसतात.

वक्तृत्व किंवा मेहंदीला हा प्रश्न लागू नाही. खेळ आणि कला मुलाच्या स्वतःच्या आनंदासाठी असतात, तसंच असायला हवं. प्रश्न आहे तो ‘समाजसेवा’ या नावाखाली जमणाऱ्या कागदांचा. वृक्षारोपणाच्या फोटोत एका रोपाला सात-आठ हात लागलेले दिसतात. पाऊस ओसरल्यावर त्याच रोपाला पाणी घालायला एकही हात नसतो. स्वच्छता फेरीत मुलं फलक घेऊन गल्लीतून जातात, फेरी संपल्यावर बिस्किटाचे पुडे गल्लीतच पडतात. मुलांना हे दिसतं. आपण सेवेचं नाटक केलं हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. शाळकरी वयात सेवा शिकवायची असेल तर मुलाला जे खरोखर येतं, त्याची ज्याला खरोखर गरज आहे, अशा माणसासमोर त्याला नेऊन बसवलं पाहिजे, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आमच्या मुलांना असं एक काम येतं. त्याची किंमत आम्हालाच कळलेली नाही. त्या कामाकडे मी येतेच, पण आधी एका शब्दाविषयी बोलते, कारण भाषा शिकवणाऱ्या माणसाची सुरुवात शब्दापासूनच होते.

उर्दूत स्वयंसेवकाला ‘रजाकार’ म्हणतात. रजा म्हणजे राजीखुशी, स्वतःची इच्छा. हुकमाने नाही, पगारासाठी नाही, आपल्या मर्जीने काम करतो तो रजाकार. उर्दू लिखाणात आजही मदतकार्यात राबणाऱ्या मुलांसाठी हा शब्द सहज येतो. पण आमचं सोलापूर निजामाच्या राज्याला लागून होतं. 1947-48 मध्ये हैदराबाद संस्थानात कासिम रझवीच्या संघटनेने हेच नाव लावलं आणि त्या संघटनेने जे केलं त्यामुळे मराठीत हा शब्द कायमचा डागाळला. मराठवाड्यातल्या आणि सीमेवरच्या गावांतल्या जुन्या माणसांसमोर तो उच्चारला तर चेहरे बदलतात. ते बदलणारच. म्हणून उर्दूच्या तासाला हा शब्द आला की मी दोन्ही गोष्टी सांगते, शब्दाचा अर्थही आणि त्याचा इतिहासही. मुलांनी मराठीत बोलताना स्वयंसेवक म्हणावं, घरच्या बोलीत खिदमतगार म्हणावं.

हाच ‘रजा’ मराठीत मात्र वेगळ्या वाटेने आला आणि घरचा होऊन गेला. रजेचा अर्ज, रजा मंजूर, ‘आता रजा घेतो’. म्हणजे या एका शब्दात मर्जी आहे, परवानगी आहे आणि सुट्टीही आहे. शाळकरी मुलाच्या सेवेला या तिन्ही गोष्टी लागतात. त्याची स्वतःची मर्जी नसेल तर सेवेची वेठबिगार होते. घरची परवानगी नसेल तर मुली गळतात. आणि शाळेने वेळ काढून दिला नाही तर सगळंच कागदावर राहतं.

आता व्यवस्थेकडे पाहू. व्यवस्था नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. एनसीसीचा कायदा 1948 चा आहे. शाळेतल्या मुलांसाठी तिचा कनिष्ठ विभाग आहे, दोन वर्षांनंतर ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. स्काउट-गाइड आहे, तिथे रोज एक सत्कृत्य करण्याची शिकवण पहिल्या दिवसापासून दिली जाते. हरित सेना आहे. अकरावीपासून राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 ला ती 37 विद्यापीठांमध्ये सुरू झाली आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत आली. तिच्यात वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा हिशेब आहे. शिबिरात जाऊन आलेली मुलं वेगळी दिसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. ज्याने आयुष्यात कधी स्वतःचं ताट धुतलं नव्हतं तो मुलगा परतल्यावर अम्मीच्या हातून ताट काढून घेतो.

पण प्रत्येक शाळेला एनसीसीचं पथक मिळत नाही. छोट्या उर्दू शाळांमध्ये तर एकच शिक्षक क्रीडा, स्काउट, हरित सेना आणि पोषण आहाराची नोंदवही असं सगळं सांभाळतो. निवासी शिबिर म्हटलं की मुलींची यादी अर्ध्यावर येते. उरतात ते एका दिवसाचे उपक्रम. वरून परिपत्रक येतं, आम्ही दिवस साजरा करतो, फोटो वर पाठवतो. शिक्षकांचा यात दोष कमी आहे. ज्याला संध्याकाळी पाचच्या आत फोटो अपलोड करायचा आहे, तो रोपाच्या मुळांचा विचार कधी करणार?

पालकांच्या बाजूने वेगळाच हिशेब असतो. खेळात राज्य पातळीवर गेलं, चित्रकलेच्या परीक्षेत श्रेणी मिळाली तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पालकसभेत प्रश्न येतो, "आपा, समाजसेवेचे किती मार्क?" मी खरं सांगते, अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, तुमच्या मुलाने कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात नेलं हे तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशअर्जात अभ्यासाबाहेर काय केलं, किती तास सेवा केली हे लिहावं लागतं. आपल्या मोठ्या शहरांतली काही श्रीमंत मुलं त्यासाठी शिकवणी लावून ‘प्रोफाइल’ तयार करतात. आमच्या मुलांवर ती वेळ नाही, याचं मला बरंच वाटतं. ज्या कामाला मार्क नाहीत ते काम खोटं करण्याचं कारणही उरत नाही.

आता त्या कामाकडे येते.

आमच्या वर्गातलं मूल घरी दखनी बोलतं, पुस्तकात उर्दू वाचतं, टीव्हीवर हिंदी ऐकतं आणि शाळेत मराठी शिकतं. बाहेरच्यांना हे ओझं वाटतं. कधी कधी आम्हा शिक्षकांनाही वाटतं. पण त्याच मुलाच्या घरात दादीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. अम्मी उर्दू वाचते, पण तहसील कचेरीतला मराठी कागद हातात आला की तो चार घरं फिरवून आणते. घरात सरकारी मराठी वाचू शकणारं पहिलं माणूस म्हणजे ते चौदा वर्षांचं मूल. रेशन दुकानातली पाटी, वीजबिलाच्या मागची सूचना, दवाखान्यातून मिळालेलं डिस्चार्ज कार्ड, बँकेची नोटीस हे सगळं तेच वाचून दाखवतं. म्हणजे सेवा चालूच आहे. फक्त तिचं नाव कुणी घेत नाही आणि तिला कुणी वळण लावत नाही.

जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा हे सगळं एकदम रस्त्यावर आलं. महिना 1,500 रुपये, वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. अधिवास दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. नियम वाचले तर सोपे होते. पण वाचणार कोण? मोहल्ल्यातल्या बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लावून बसल्या, ज्यांना त्याची गरजच नव्हती त्याही. अर्ज भरून देणाऱ्यांनी शंभर-दोनशे रुपये घ्यायला सुरुवात केली. बिड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बाईची ती एका दिवसाची कमाई.

त्या महिन्यात आम्ही शाळेच्या व्हरांड्यात दोन बाक मांडले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास. नववीची चार मुलं, दोन मुली आणि दोन मुलगे, आळीपाळीने. समोर अर्ज, निळी बॉलपेनं, डिंकाची कांडी, स्टेपलर आणि कुठल्या अर्जाला कुठली झेरॉक्स लागते याची उर्दू व मराठी अशी दोन्ही भाषांत लिहिलेली यादी. पहिल्या शनिवारी सहा बायका आल्या. तिसऱ्या शनिवारी बाक कमी पडले. योजनेचे अर्ज संपले तरी बाक हलले नाहीत. मग उत्पन्नाचे दाखले आले, रेशनकार्डात नाव वाढवणं आलं, शिष्यवृत्तीचे अर्ज आले, मतदार नोंदणीचा नमुना 6 आणि दुरुस्तीचा नमुना 8 आला. सतराव्या वर्षीच आगाऊ नोंदणीचा अर्ज करता येतो हे आमच्या मुलांनीच आपल्या मोठ्या भावंडांना सांगितलं.

या बाकांवर मुलांनी जे शिकलं ते माझ्या तासाला त्यांना मी शिकवू शकले नसते. पहिली गोष्ट म्हणजे नावाची. जुबेदा, झुबेदा, जुबैदा हे एकाच बाईच्या तीन कागदांवरचे तीन अवतार. रेशनकार्डावर ‘हमीदाबी’, आधारवर ‘हमीदा’, बँकेत त्याच नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनावाच्या जागी ‘शेख’ कधी आधी तर कधी शेवटी. इंग्रजीत तर ‘शेख’ची चार स्पेलिंगं. लिहिणाऱ्या कारकुनाने कानाला जे वाटलं ते लिहिलं आणि सांगणाऱ्या बाईला ते वाचता आलं नाही. आपल्या समाजातल्या निम्म्या सरकारी अडचणी या एका वेलांटीच्या, एका मात्रेच्या असतात. र्‍हस्व-दीर्घ कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलांनी तो प्रश्न विचारणं त्यानंतर बंद केलं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडली. अर्ज, दाखला, हक्क, वारस, मयत, नक्कल, हमी, जामीन, तक्रार, हजर. एका मुलीने वहीत असे शब्द लिहून काढले आणि म्हणाली, "आपा, ये तो अपनेच लफ्जां हैं!" खरंच आहे. बहमनी-आदिलशाहीच्या काळापासून कचेरीची मराठी फारसी-अरबी शब्दांवर उभी आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरीही लोकांच्या तोंडून ‘अर्ज’ आणि ‘हक्क’ गेले नाहीत. ज्या मराठीला ही मुलं परकी समजून घाबरत होती, तिच्या सगळ्यात अवघड वाटणाऱ्या कोपऱ्यात त्यांना आपलंच सामान सापडलं. त्या दिवशी मी पाठ्यपुस्तक उघडलं नाही.

काही नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक ठेवले, आणि हे करू पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ते ठेवावेत. मुलांनी कुणाचा ओटीपी विचारायचा नाही. कुणाच्या आधार कार्डाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढायचा नाही. अर्ज भरायचा, सही किंवा अंगठा ज्याचा त्याने करायचा, आणि करण्याआधी त्यात काय लिहिलं आहे ते मोठ्याने वाचून दाखवायचं. पैसे नाहीत, चहासुद्धा नाही. नोंदवहीत फक्त तारीख आणि कामाचा प्रकार, नाव-पत्ता नाही. जे कळत नाही ते ‘कळत नाही’ असं सांगून मोठ्यांकडे पाठवायचं. बाकावर मी किंवा दुसरी एखादी शिक्षिका असलीच पाहिजे. आणि कुणाच्या घरची हलाखी बाहेर बोलायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड. पण तो पाळताना चौदा वर्षांच्या मुलांना मी मोठं होताना पाहिलं आहे.

हे काही नवीन नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची योजना आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हाताने काम करत, समाजात राहून शिकणं हा त्या योजनेचा पाया. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना अक्षरओळख करून दिली. आजही उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी शाळा हेच केंद्र आहे आणि विद्यार्थी तिथे स्वयंसेवक होऊ शकतात. आमच्या बाकावर अंगठा करणाऱ्या दोन खाला पुढे ‘मला सही शिकव’ म्हणून थांबू लागल्या. त्यांना शिकवणारी मुलगी गणितात कच्ची आहे. फळ्यासमोर ती आवाज काढत नाही, पण त्या दोघींसमोर ती उस्ताद असते.

आता आक्षेपांकडे. सगळ्यात मोठा आक्षेप अभ्यासाचा. दहावीचं वर्ष, त्यात हे उद्योग कशाला? मला मान्य आहे. म्हणून दहावीची मुलं बाकावर नसतात, नववीचीच असतात. आणि महिन्यातून एकदा दोन तास, याने कुणाचाही निकाल पडत नाही. मोबाइलवर त्याहून अधिक वेळ एका रात्रीत जातो.

दुसरा आक्षेप मुलींचा, तो बहुधा वडिलांकडून येतो. "मॅडम, लडकी बाहर बैठेगी, अनजान लोगां आयेंगे." मी त्यांना हसत नाही, वादही घालत नाही. त्यांना एका शनिवारी येऊन बसायला सांगते. ते येतात, पाहतात की समोर बसलेल्या सगळ्या त्यांच्याच गल्लीतल्या खाला आणि फुफी आहेत, आणि आपली मुलगी ज्या ठामपणे "यहाँ दस्तखत नहीं, इस खाने में" म्हणते ते ऐकून गप्प होतात. बाहेरगावच्या शिबिराला नकार देणाऱ्या दोन घरांनी पुढच्या वर्षी शिबिरालाही पाठवलं. परवानगीचा दरवाजा असाच उघडतो, आधी फटीएवढा. शिबिर मुलींसाठी नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. सात दिवस घराबाहेर राहून शिकण्याचा हक्क त्यांचाही तितकाच आहे. शाळांनी दोन शिक्षिका सोबत देणं, मुक्कामाची जागा पालकांना आधी दाखवणं एवढं केलं तरी याद्या भरतात.

तिसरा आक्षेप माझ्याच सहकारी शिक्षिकेचा, आणि तो सगळ्यात धारदार आहे. ती म्हणते, मुलं घरी करतात ती कामंही सेवाच, मग तीही मोजा. आजारी दादीला सांभाळणारी, धाकट्या भावंडांना खाऊ घालणारी मुलगी शिबिराला जाऊ शकत नाही, तिला शून्य का? तिचं दुःख खरं आहे. तरी मी घरकामाला सेवेच्या वहीत जागा देणार नाही. एकदा ते वहीत आलं की घरचं काम ही मुलींची ‘समाजसेवा’ ठरेल आणि मुलगे मैदानावर जायला मोकळे. घरकामाची वाटणी व्हायला हवी, त्याला प्रमाणपत्र नको. त्या मुलीसाठी शाळेने वेगळं केलं पाहिजे, तिच्या भावालाही एक दिवस दादीजवळ बसवा असं तिच्या घरी जाऊन सांगितलं पाहिजे. मी सांगते. कधी ऐकतात, कधी नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

मागे शहरात एक स्वच्छता मोहीम होती. आमच्या शाळेला निमंत्रण आलं. आदल्या दिवशी आयोजकांचा फोन आला, आवाज अगदी प्रेमळ होता. म्हणाले, "मॅडम, मुलांना टोपी घालून आणा आणि मुलींना हिजाबमध्ये. पेपरला फोटो छान येईल, चांगला संदेश जाईल." आमची मुलं शाळेत टोपी घालत नाहीत. मी विचारलं, बाकीच्या शाळांच्या मुलांना काय घालायला सांगितलंय? उत्तर आलं, "ते गणवेशात येतील." मग आमचीही गणवेशातच गेली. ज्या मुली एरवी हिजाब घालतात त्या हिजाबात आल्या, ज्या घालत नाहीत त्या तशाच आल्या. सकाळभर मुलांनी नाला उपसला. फोटोत कुणाची आली नाहीत, याचं त्यांना काही वाटलं नाही. मला वाटलं.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण या ‘चांगल्या संदेशा’चं ओझं किती आहे ते बघा. दुसऱ्या शाळेतल्या मुलाने झाडू मारला तर तो चांगला मुलगा. आमच्या मुलाने झाडू मारला तर ‘मुसलमानही झाडू मारतात’. एकाला सहभागाचं प्रमाणपत्र, दुसऱ्याला देशभक्तीचं. कोरोनाच्या काळात अनेक शहरांत मुस्लिम तरुणांनी, ज्यांच्याजवळ त्यांचे नातेवाईकही जाऊ शकत नव्हते अशा हिंदू मृतांचे अंत्यसंस्कार त्यांच्या रीतीने केले. सांगली-कोल्हापूरच्या 2019 च्या महापुरात सगळ्याच समाजांची माणसं पाण्यात उतरली. याचा अभिमान वाटतोच. पण आपण स्वतःच या फोटोंचे संच करून ‘बघा, आम्हीही’ म्हणत फिरवतो तेव्हा नकळत मुलांना शिकवतो की सेवा हा एक पुरावा आहे आणि तो कुणीतरी तपासणार आहे. ज्याला पुरावा द्यायचा आहे त्याची मर्जी उरते कुठे? मग तो फक्त हजेरी लावतो.

म्हणून मोठ्यांना, आपल्या जमातीतल्या जाणत्यांनाही, माझी विनंती आहे. रमजानमध्ये रेशनची किट वाटताना मुलांना बरोबर न्या, पण घेणाऱ्याचा फोटो काढू नका. रस्त्यातला काटा उचलणंही सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. काटा उचलताना तो कुणाच्या पायात रुतणार होता हे आपण विचारत नाही. तसंच आमच्या बाकांचं झालं. पहिले दोन महिने फक्त आमच्याच मोहल्ल्यातल्या बायका येत. मग पलीकडच्या गल्लीतल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या मावशी येऊ लागल्या. त्यांचीही गोष्ट तीच, मराठी बोलतात, वाचता येत नाही. कुणीही त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी ‘एकतेचा संदेश’ दिला नव्हता. अर्ज भरायचा होता, भरून मिळत होता, एवढंच. एका मावशींनी नावाच्या स्पेलिंगसाठी तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या वेळी काम झाल्यावर त्या सांगायला आल्या आणि जाताना त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. त्याचा फोटो नाही.

शाळांनी काय करावं? फार थोडं. वर्षाला वीस उपक्रमांऐवजी दोन निवडा आणि वर्षभर चालवा. काम निवडण्याआधी मुलांना विचारा, तुमच्या गल्लीत लोकांची अडचण कुठे होते? कुणी पाण्याच्या टँकरची वेळ सांगेल, कुणी पहिलीतल्या मुलांना वाचता येत नाही असं सांगेल, कुणी दवाखान्यातल्या खिडक्यांचा गोंधळ. त्यातलं मुलांना झेपेल ते घ्या. ज्याला यायचं नाही त्याला येऊ देऊ नका, हेही महत्त्वाचं. आमच्या वर्गातल्या दोन मुलांना बाकावर बसायचं नव्हतं, त्यांना कबड्डी खेळायची होती. ती खेळली, जिल्ह्यापर्यंत गेली. त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर वर्षाच्या शेवटी द्या, आणि त्यावर ‘उत्कृष्ट सहभाग’ असं मोघम न लिहिता काय केलं ते लिहा. आम्ही यंदा तसं केलं. एका मुलाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘नऊ शनिवार, एकतीस अर्ज.’ त्याने तो कागद फाइलमध्ये घालण्याआधी नीट वाचला आणि म्हणाला, "आपा, इकतीस नहीं, तीस. एक खालाने अर्ज वापस लिया था." मी आकडा खोडून तीस केला आणि शेजारी सही केली.